‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सुट्टीत वाचण्याजोग्या साहसकथांविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यांतील जेम्स फेनिमोर कूपर यांच्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ या १८२६ सालच्या कादंबरीबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच पुस्तकाला दिले आहे. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे: १७५७ साली उत्तर अमेरिकेच्या जंगलात इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध पेटलेले असताना कर्नल मन्रो यांच्या कोरा आणि अ‍ॅलिस या दोन मुली वडिलांच्या किल्ल्याकडे निघतात. ह्युरॉन या मूळनिवासी जमातीचा मागुआ नावाचा वाटाड्या त्यांना दगा देतो. हॉकआय हा गोरा शिकारी, त्याचा मोहिकन या मूळनिवासी जमातीचा मित्र चिंगाचगूक आणि चिंगाचगूकचा तरुण मुलगा अंकस हे तिघे त्यांच्या मदतीला धावतात, आणि पाठलाग, वेढा, कत्तल, पुन्हा पाठलाग असे कथानक शेवटपर्यंत धावत राहते.

प्रश्न (नौपाड्यातील एक पालक): माझी मुलगी नववीत आहे. किल्ला पडल्यानंतर शरण आलेल्या लोकांची जी कत्तल होते, ते प्रकरण वाचून ती दोन दिवस अस्वस्थ होती. हे खरोखर घडले होते का, आणि शब्द दिलेला असताना तो मोडला कसा गेला, असे ती विचारते.

उत्तर: घटना खरी आहे. तिचा आकार मात्र कादंबरीत पुष्कळ वाढलेला आहे. फोर्ट विल्यम हेन्री हा किल्ला आजच्या न्यूयॉर्क राज्यात, लेक जॉर्ज या सरोवराच्या दक्षिण टोकाला होता. ऑगस्ट १७५७ च्या आरंभी फ्रेंच सेनापती मोंकाल्म यांनी सुमारे ८,००० माणसे घेऊन त्याला वेढा घातला. आत जॉर्ज मन्रो यांच्या हाताखाली दोन-अडीच हजार शिपाई होते. पंचवीसेक किलोमीटरवर, हडसन नदीकाठच्या फोर्ट एडवर्डमध्ये जनरल वेब होते, परंतु त्यांनी कुमक पाठवली नाही. आपल्याकडून मदत येणार नाही, तेव्हा जमतील तेवढ्या चांगल्या अटी पदरात पाडून घ्याव्यात, अशा आशयाचे त्यांचे पत्र वाटेतच फ्रेंचांच्या हाती लागले, आणि फ्रेंचांनी ते स्वतःहून मन्रो यांच्याकडे पोचते केले. तटाला खिंडार पडू लागलेले, मोठ्या तोफांपैकी कित्येक फुटलेल्या, अशा स्थितीत ९ ऑगस्टला मन्रो शरण आले. अटी सन्मानाच्या होत्या: बंदुका आणि निशाणे घेऊन बाहेर पडावे, दारूगोळा घेऊ नये, आणि पुढचे १८ महिने फ्रेंचांविरुद्ध शस्त्र उचलू नये.

आता आपल्या मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. मोंकाल्म यांच्या बाजूने तीसहून अधिक मूळनिवासी जमातींचे लढवय्ये आलेले होते, काही तर थेट पश्चिमेकडच्या मोठ्या सरोवरांपासून शेकडो कोस चालून आणि वल्हवून आलेले. ते पगारी शिपाई नव्हते. लढाईनंतर मिळणारी लूट आणि कैदी हाच त्यांचा मोबदला होता, आणि ही गोष्ट फ्रेंचांना पुरती ठाऊक होती. तह मात्र दोन युरोपीय अधिकाऱ्यांनी आपसांत, आपल्या रिवाजाप्रमाणे केला आणि त्या एका कागदाने मित्रांचा सगळा मोबदला काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी शरणागतांची रांग फोर्ट एडवर्डच्या वाटेला लागली, तेव्हा तिच्यावर हल्ला झाला. माणसे मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक पकडून नेली गेली आणि त्यांतील बरीचशी पुढे पैसे भरून सोडवली गेली. कूपर यांनी मृतांचा आकडा ५०० ते १,५०० इतका सांगितला आहे. इयन स्टील या इतिहासकारांनी त्या काळच्या हजेरीपटांवरून केलेला हिशोब दोनशेच्याही आत येतो. मेलेल्या माणसांचे दुःख आकड्याने कमी होत नाही हे खरे, तरीही एका संपूर्ण समाजाला रक्तपिपासू ठरवण्यासाठी हाच आकडा दीडशे वर्षांहून अधिक काळ वापरला गेला, त्यामुळे तो तपासून घेणे आवश्यक आहे. या लढवय्यांनी किल्ल्यातून परत नेले ते देवीच्या साथीचे दुखणे, आणि त्या साथीने त्यांच्या गावांत जे मृत्यू घडवले त्यांचा कादंबरीत उल्लेखही नाही.

ठाणेकर वाचकांना याच्या जोडीला ठेवून पाहता येईल असे उदाहरण जवळच आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांनाही शस्त्रांसह, मानाने आणि आपली बायकामुले घेऊन किल्ला सोडण्याची मुभा दिली गेली, त्यासाठी आठ दिवसांची मुदत ठरली आणि दिलेला शब्द पाळला गेला. आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो याच मोहिमेत दोन वर्षे आधी मराठ्यांच्या ताब्यात आलेला होता. वसईच्या वेढ्यात माणसे थोडी पडली नव्हती, सूडाची भावनाही कमी नसेल, पण लढणारे आणि तह करणारे एकाच हुकमाखाली होते. फोर्ट विल्यम हेन्रीपाशी तसे नव्हते, आणि माझ्या मते शब्द मोडण्याचे मूळ तिथे आहे. आपल्या मुलीला हेही सांगावे की प्लासीची लढाई २३ जून १७५७ ची आहे, म्हणजे या किल्ल्याच्या पाडावाच्या अवघे सात आठवडे आधीची. इंग्रज आणि फ्रेंच यांचे वैर त्या वर्षी बंगालपासून न्यूयॉर्कपर्यंत पसरलेले होते.

कर्नलसाहेबांच्या मुली मात्र पूर्णपणे कूपर यांच्या कल्पनेतल्या आहेत. खऱ्या मन्रो यांचे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ऑल्बनी येथे निधन झाले.

प्रश्न (वाशीतील एक वाचक): कूपर स्वतः अशा जंगलात राहिलेले होते का? इतके बारीक वर्णन अनुभवाशिवाय येईल असे वाटत नाही.

उत्तर: अर्धे अनुभवातून आलेले आहे, अर्धे ग्रंथांतून. कूपर यांचा जन्म १५ सप्टेंबर १७८९ रोजी न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे झाला. ते वर्षाचे असताना कुटुंब ओट्सेगो सरोवराच्या काठी गेले. तिथली हजारो एकर जमीन वडील विल्यम कूपर यांनी घेऊन, तुकडे पाडून वसाहतवाल्यांना विकली होती, आणि त्यांच्याच नावाने कूपर्सटाउन हे गाव वसले. त्यामुळे झाडे तुटताना, वाटा पडताना आणि शिकार हटत जाताना या मुलाने पाहिले. लढाया मात्र तोवर तिथून निघून गेल्या होत्या. तेराव्या वर्षी येल कॉलेजात दाखल झालेला हा विद्यार्थी खोड्यांमुळे तिथून काढला गेला, मग व्यापारी जहाजावर खलाशी झाला आणि त्यानंतर नौदलात गेला. पाण्याचे, वाऱ्याचे, अंधारात आवाजावरून अंतर ताडण्याचे जे भान त्यांच्या लेखनात आहे, ते मला या खलाशीपणाचे फळ वाटते.

लेखक होण्याची हकीकत त्यांच्या मुलीने लिहून ठेवली आहे. पत्नीला एक इंग्रजी कादंबरी वाचून दाखवत असताना कंटाळून त्यांनी ती बाजूला टाकली आणि याहून चांगली मी लिहीन असे ते म्हणाले. पत्नीने ते हसण्यावारी नेले, आणि १८२० साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांची पहिली कादंबरी छापून आली. ती सामान्य होती. दुसऱ्याच वर्षीच्या ‘द स्पाय’ने नाव झाले. वडिलांची इस्टेट कर्जात बुडत चाललेली असल्यामुळे लेखणीवर घर चालवणे त्यांना भागच होते.

या कादंबरीतील गुहेची जागा खरी आहे. १८२४ साली काही तरुण इंग्रज पाहुण्यांबरोबर ते ग्लेन्स फॉल्स येथील धबधब्यापाशी गेले होते, त्या पाहुण्यांत पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले एडवर्ड स्टॅन्ली हेही होते, आणि हडसनच्या पात्रातील ती कपार पाहूनच तिथे एक प्रसंग घडवायचे कूपर यांनी ठरवले. मूळनिवासींविषयीची त्यांची माहिती मात्र बहुतांशी जॉन हेकवेल्डर या मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या १८१९ सालच्या ग्रंथातली आहे. हेकवेल्डर डेलावेअर या मूळनिवासी लोकांमध्ये राहिलेले, त्यामुळे त्यांची माया डेलावेअरांवर आणि रोष डेलावेअरांच्या शत्रूंवर. कादंबरीतही डेलावेअर आणि मोहिकन तेवढे उदात्त, ह्युरॉन तेवढे दुष्ट, अशी जी सरळ विभागणी दिसते ती तिथूनच आलेली आहे.

प्रश्न (ऐरोलीतील एक वाचक): हॉकआयच्या एकूण पाच कादंबऱ्या आहेत असे कळले. त्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

उत्तर: ज्या क्रमाने त्या लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने. १८२३ च्या ‘द पायोनियर्स’मध्ये हॉकआय सत्तरीचा म्हातारा आहे, मग १८२६ ची आपली कादंबरी, १८२७ च्या ‘द प्रेअरी’मध्ये त्याचा मृत्यू, आणि त्यानंतर तेरा वर्षांनी लेखकाने त्याला पुन्हा तरुण करून १८४० मध्ये ‘द पाथफाइंडर’ आणि १८४१ मध्ये ‘द डिअरस्लेअर’ लिहिली. या क्रमाने गेल्यास चिंगाचगूक प्रथम भेटतो तो गोऱ्यांच्या गावात एकटा पडलेला, दारूच्या आहारी गेलेला वृद्ध म्हणून. त्याचा ऐन उमेदीचा काळ नंतर वाचताना मनाला जे लागते, ते कथेच्या कालक्रमाने वाचल्यास लागत नाही.

प्रश्न (कळव्यातील एक वाचक): पहिली साठ पाने वाचून पुस्तक मिटले. वाक्ये लांबलचक, माणसे संकटातही भाषण केल्यासारखी बोलतात. मार्क ट्वेन यांनीही या लेखकाची खिल्ली उडवली आहे म्हणे. मग आपण हे पुस्तक का सुचवता?

उत्तर: ट्वेन यांचा तो लेख १८९५ सालचा आहे आणि त्यातील बरेच आक्षेप खरे आहेत. जिथे शांतता हवी नेमकी तिथेच वाळकी काटकी मोडून गडबड उडवण्याची कूपर यांची सवय त्यांनी अचूक पकडली आहे. त्यांचा मुख्य रोख ‘द डिअरस्लेअर’ आणि ‘द पाथफाइंडर’वर असला, तरी संवादांचा अवजडपणा आपल्या कादंबरीतही आहे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर दिलेली, पुष्कळदा शेक्सपिअरमधून घेतलेली वचने आजच्या वाचकाने ओलांडून गेल्यास काही बिघडत नाही. १८२६ च्या वाचकाला वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांची सवय होती. तो सावकाश वाचत असे, आणि लेखकाने झाडाझुडपांचे वर्णन आटोपते घेतले तर त्याला फसवल्यासारखे वाटले असते.

तरीही एकदा ग्लेन्स फॉल्सच्या गुहेपर्यंत जाऊन पाहा, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. दोन धबधब्यांच्या मधल्या खडकात ही मंडळी लपलेली आहेत. तत्पूर्वी एका घोडीचे शिंगरू, खिंकाळून माग देईल म्हणून, चिंगाचगूकने मारून नदीत सोडलेले आहे. गुहेच्या तोंडाशी कांबळे टांगून आत आग पेटवली जाते, हरणाचे मांस भाजले जाते, आणि डेव्हिड गॅमट नावाचा भाबडा गायक स्तोत्र म्हणू लागतो. कठोर हॉकआयला त्या सुरांनी आपले लहानपण आठवते आणि त्याचे डोळे भरून येतात. तेवढ्यात बाहेरून असा एक आवाज येतो की जंगलात जन्म काढलेल्या त्या तिघांनाही तो ओळखता येत नाही. काही वेळाने उलगडा होतो की लांडगे जवळ आल्यामुळे भ्यालेल्या घोड्यांची ती किंकाळी आहे. सकाळी लढाई होते, आणि बंदुकीची उरलेली दारू ज्या होडीत ठेवलेली असते ती होडीच एक ह्युरॉन पोहत येऊन, तिच्या आडोशाने, प्रवाहात ओढून नेतो. या तिघांनी तरी निसटावे हे सर्वांत आधी कोराला सुचते, आणि ‘तुम्ही निघा, वडिलांना कळवा’ असे ती या तिघांना पटवून देते. तिघेही पाण्यात उतरतात आणि दिसेनासे होतात. या चार प्रकरणांत वेग आहे, भीती आहे आणि एका स्त्रीची विलक्षण समज आहे. मृत्युशय्येवरच्या फ्रान्झ शुबर्ट या संगीतकारांनी नोव्हेंबर १८२८ मधील आपल्या शेवटच्या पत्रात, कूपर यांची चार पुस्तके वाचून झाली, आणखी असतील तर पाठव, असे मित्राला कळवले होते. ते कशाने ओढले गेले असतील हे गुहेच्या प्रकरणांत समजते.

प्रश्न (ठाण्यात राहून शहापूरकडील आश्रमशाळेत शिकवणाऱ्या एक वाचक): वर्गातील कातकरी आणि ठाकर मुलांना ही गोष्ट सांगितली. शेवट ऐकून एका मुलीने विचारले, ‘बाई, मग ते लोक संपले?’ मी काय उत्तर द्यावे?

उत्तर: बाई, त्या मुलीला निःशंकपणे सांगा की ते लोक संपले नाहीत. हडसन नदीच्या खोऱ्यातील मोहिकनांचे वंशज आज अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात स्टॉकब्रिज-मन्सी या नावाने नांदत आहेत. त्यांचे स्वतःचे शासन आहे, स्वतःचे ग्रंथालय आणि संग्रहालयही आहे. कनेटिकटमधील मोहेगन ही वेगळी जमात, तिलाही अमेरिकी सरकारची मान्यता १९९४ मध्ये मिळाली. कूपर यांनी या दोन समाजांची सरमिसळ केलेली आहे: अंकस हे नाव सतराव्या शतकातील एका मोहेगन प्रमुखाचे, आणि कादंबरीत ते आले आहे मोहिकन तरुणाला.

मला स्वतःला सर्वांत अधिक बोचणारी गोष्ट काळाची आहे. कूपर न्यूयॉर्कमध्ये बसून शेवटच्या मोहिकनाचा शोक लिहीत होते, त्याच वर्षांत त्याच राज्यातून मोहिकन कुटुंबे आपली शेतीवाडी मागे टाकून पश्चिमेला विस्कॉन्सिनकडे जात होती. मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिज या गावातून एकदा, न्यूयॉर्कमधून दुसऱ्यांदा, असे हे विस्थापन पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात या समाजाची माणसे नव्या राष्ट्राच्या बाजूने लढून पडली, त्यानंतरही त्यांची जमीन राहिली नाही. हेन्ड्रिक ऑपॉमट हे मोहिकन पुढारी १७५७ साली, म्हणजे कादंबरी ज्या वर्षी घडते त्याच वर्षी, जन्मलेले. त्यांनी त्या युद्धात कॅप्टन म्हणून काम केले, पुढे सरकारचे दूत म्हणून जमातींशी बोलणी केली आणि आपल्या लोकांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १८३० मध्ये ते वारले, म्हणजे कादंबरी छापली गेली तेव्हा ते हयात होते. मोहेगन समाजातील सॅमसन ऑकम यांचे प्रवचन तर १७७२ सालीच छापले गेले होते. लिहिणारी, वाटाघाटी करणारी, स्थलांतराला तोंड देणारी ही माणसे कथेत कुठेच नाहीत. कथेला शूर, देखणा आणि मरणारा अंकस हवा होता.

आपल्याविषयी हळहळणारा वाचक त्या समाजाला मिळाला, परंतु जो संपलाच आहे त्याच्या जमिनीचा हक्क कोण विचारणार? मूळनिवासींना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा अमेरिकेत १८३० मध्ये झाला, कादंबरीनंतर चारच वर्षांनी. तो कादंबरीमुळे झाला असे मी म्हणत नाही. ते लोक आपोआपच नाहीसे होणार आहेत, ही त्या काळच्या सुशिक्षित माणसांची समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे.

कूपर यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोराच्या आईच्या पूर्वजांत वेस्ट इंडीजमधील गुलाम होते, हे तिचे वडील स्वतः सांगतात, आणि तरीही लेखकाने सगळे धैर्य आणि सगळी बुद्धी तिलाच दिली. अंकस आणि ती यांच्यातील ओढ त्यांनी दाखवली, पण दोघांना एकत्र जगू देण्याची हिंमत त्यांना झाली नाही. अंत्यविधीच्या वेळी डेलावेअर मुली आपल्या गीतात या दोघांना परलोकात एकत्र पाहतात, तेव्हा ती भाषा समजणारा हॉकआय मान हलवून नकार दर्शवतो. सर्व माणसे देवापुढे रंगभेदाविना जमतील हे यांना सांग, असे मन्रो म्हणतात, तेव्हाही तो ते सांगत नाही, कारण हिवाळ्यात बर्फ पडत नाही असे सांगण्यासारखे ते होईल असे त्याला वाटते. आपल्या लाडक्या नायकाच्या मनाची ही भिंत लेखकाने लपवली नाही, याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

आपल्या वर्गात ही गोष्ट जरूर सांगत राहा, पण अंकसच्या मृत्यूनंतर लगेच, त्याच तासाला, ऑपॉमट यांची हकीकतही सांगा. जंगल, वाट, माग काढणे, रात्री आवाज ओळखणे या बाबतींत आपले विद्यार्थी कूपर यांच्या बहुतेक शहरी वाचकांहून जाणते असतील, तेव्हा गुहेच्या प्रसंगातील कोणती गोष्ट पटते आणि कोणती पटत नाही, हे त्यांनाच विचारून पाहा. त्यांची उत्तरे आम्हाला कळवलीत तर या सदरात आनंदाने छापू.

प्रश्न (नेरूळमधील एक वाचक): १९९२ चा चित्रपट पाहिलेला आहे. मग कादंबरी वाचण्यात काही उरते का?

उत्तर: पुष्कळ उरते, कारण चित्रपटाचे कथानक निम्म्याहून अधिक वेगळे आहे. दिग्दर्शक मायकेल मान यांनी हॉकआय आणि कोरा यांची प्रेमकथा केली आहे, कादंबरीत या दोघांमध्ये तसे काहीही नाही. कोण जगते आणि कोण मरते हेही बदललेले आहे: चित्रपटात कोरा वाचते, कादंबरीत अ‍ॅलिस, आणि मागुआचा अंत कादंबरीत चिंगाचगूकच्या हातून नव्हे, तर हॉकआयच्या गोळीने होतो. चित्रीकरणदेखील न्यूयॉर्कच्या सरोवरकाठी न होता नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत झालेले आहे. गुहेत स्तोत्र म्हणणारा डेव्हिड गॅमट तर चित्रपटात मुळीच नाही, त्याच्यासाठी तरी पुस्तक उघडावे.